पिठातला कट्टा

१

गुरुवारी सकाळी सात वाजता शरणम्माच्या खानावळीत नागरत्नानं पिठाचं पोतं पत्र्याच्या डब्यात उपडं केलं, आणि पिठासोबत काहीतरी जड डब्याच्या तळाशी ठणकन आदळलं. गिरणीचा एखादा नटबोल्ट असेल म्हणून तिनं कोपरापर्यंत हात घातला. हातात आला तो पिठानं माखलेला गावठी कट्टा.

शरणम्मा पंचावन्नची. नवऱ्यामागे हुलसूरच्या बसस्टँडसमोर वीस वर्षं भाकरीची खानावळ एकटीनं चालवलेली बाई. तिनं आरडाओरडा केला नाही. कट्टा फडक्यात गुंडाळला, डब्यावर झाकण ठेवलं, नागरत्नाला दाराशी बसवलं, आलेल्या गिऱ्हाइकांना गॅस संपल्याचं सांगितलं आणि ती स्वतः पोलीस ठाण्यात चालत आली.

फौजदार चैत्रा तेव्हा टेबलावर कागद पसरून बसली होती. बेकायदा बंदूक विकत घेणाऱ्याची शिक्षा राज्यानं वाढवून दहा वर्षं करावी का, यावर मतं ऐकायला एक समिती सोमवारी कलबुर्गीला बसणार होती. सीमेवरच्या ठाण्यांतर्फे बोलायला चैत्राचं नाव गेलं होतं. तिची बारा पानं लिहून झाली होती आणि बाराही पानं एकच सांगत होती, की वाढवा. आधीच्या ठाण्याच्या हद्दीत वरातीत उडालेल्या गोळीनं एक नऊ वर्षांची मुलगी तिच्या मांडीवर गेली होती. तेव्हापासून या विषयावर तिला कुणाशी वाद घालायचा नव्हता. मागच्या शनिवारी आठवडी बाजारात जीपवर उभं राहून तिनं कर्ण्यावरून सांगूनही टाकलं होतं, की बेकायदा बंदूक घेणाऱ्याला आता दहा वर्षं. समितीचा निर्णय व्हायचा होता, पण धाक आजच बसलेला बरा, असा तिचा हिशेब.

तिनं फडकं सोडलं. एकनळी कट्टा, एका वेळी एकच गोळी घेणारा. खटका दाबून तिनं नळी खाली वाकवून उघडली. आत काडतुसाचं रिकामं टरफल अडकून बसलं होतं आणि जळक्या दारूचा वास अजून उग्र होता.

"म्हणजे उडालाय," हवालदार रेवणसिद्धप्पा मागून म्हणाला. तो निवृत्तीला आलेला, गावातल्या प्रत्येक घराची कुंडली ठाऊक असलेला माणूस.

चैत्रानं हुलसूरच्या आणि भालकीच्या सरकारी दवाखान्यांत फोन लावले. बसवकल्याणलाही लावला. गोळी लागलेलं कुणी आलं नव्हतं. हद्दीत कुठं प्रेत नव्हतं, कुठं तक्रार नव्हती. कट्टा होता, गोळी मात्र कुठंतरी जाऊन बसली होती. ती भिंतीत बसली असेल तर ठीक. माणसात बसली असेल तर त्या माणसाचा वेळ संपत चालला होता.

चैत्राला खुर्चीत बसवेना. तिनं टोपी उचलली.

२

खानावळीत फार माणसं नव्हती. शरणम्मा, भाकऱ्या करणारी नागरत्ना, आणि माडीवर भाड्यानं राहणारा समर्थ, हायस्कुलात गणित शिकवणारा मास्तर. पिठाचं पोतं काल संध्याकाळी टेम्पोवाल्या संगमेशनं गिरणीतून आणून ओसरीत, माडीच्या जिन्याला टेकून ठेवलं होतं. रात्रभर ते तिथंच होतं. जिन्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला त्यात काहीही खुपसता आलं असतं.

आणि जिन्यावरून जाणारा-येणारा एकटा समर्थच.

समर्थ खाली आला तो डावा हात छातीशी धरून. हाताला मनगटापर्यंत पट्टी होती. चैत्रानं विचारलं तसा तो चाचरला. स्कूटरच्या सायलेन्सरनं भाजलं म्हणाला. दवाखान्यात का गेला नाहीत, तर एवढ्याशासाठी कशाला म्हणाला. मग रेवणसिद्धप्पानं चैत्राच्या कानाशी येऊन सांगितलं, की कॉपी पकडल्यावरून मास्तरला धमक्या आल्या होत्या आणि त्यानं बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. तो फेटाळला गेला.

"पट्टी सोडा," चैत्रा म्हणाली.

समर्थचा चेहरा उतरला. तो हळूहळू पट्टी सोडू लागला.

आत तळहातावर लांबट, फोडांनी भरलेला चट्टा होता. भाजल्याचाच. गोळीशी त्याचा काही संबंध नव्हता. चैत्रानं त्याची माफी मागितली. हात धुऊन मलम लावा म्हणाली.

पण ती तिथून हलली नाही. तिनं नागरत्नाला पोतं कसं उघडलं ते विचारलं. नागरत्ना म्हणाली, गाठ सुटेना म्हणून विळीनं कापली. कापलेलं बांधणं अजून कोपऱ्यात पडलं होतं. जुन्या लुगड्याचा फाडलेला काठ, हिरवा, आणि त्याची गाठ इतकी आवळलेली की कापल्यावरही ती सैल झाली नव्हती.

चैत्रा तो तुकडा बोटांत फिरवत राहिली. रात्री कुणी कट्टा खुपसला असता तर गाठ सोडून पुन्हा बांधावी लागली असती, आणि ही गाठ सुटण्यातली नव्हती. म्हणजे पोतं बांधलं तेव्हाच कट्टा आत होता. खानावळीतली माणसं सुटली. आता उरला पोतं उचलणारा, आणि त्याच्या मागे गिरणी.

३

संगमेश भालकी रस्त्यावर टेम्पोचं चाक बदलताना सापडला. तिशीचा, हसतमुख, उदगीर-हुलसूर माल नेणारा गडी. चैत्रानं त्याला एवढंच सांगितलं, की तू आणलेल्या पोत्यात पिस्तूल निघालं.

तो दचकला, पण लगेच सावरला. आपण सहाला गिरणीत गेलो, असं त्यानं सांगितलं. वीज तेव्हा होती. बुधवारी थ्री फेज चार ते साडेसहा असते. गिरणी चालू होती, पण माणूस नव्हता. ना गुरुबसव, ना त्याची बायको शैलश्री. दोनदा हाका मारल्या. वर दाणा नाही आणि जातं रिकामंच गरगरतंय, दगडाचा करपट वास सुटलेला. म्हणून यानंच बटण बंद केलं आणि दाराजवळचं बांधलेलं पोतं उचलून आणलं.

"मला काय ठावं त्यात काय हाय ते," तो म्हणाला. "अन् मॅडम, त्या एका गोळीच्या खेळण्यानं कोण मरायलंय?"

चैत्रानं मान डोलावली, आणि त्याला गावाबाहेर जाऊ नको म्हणून सांगितलं. जीपमध्ये बसल्यावर मात्र ती रेवणसिद्धप्पाला म्हणाली, "ह्याच्या मागं माणूस ठेवा."

"कामून?"

"मी त्याला पिस्तूल म्हणाले. त्यात एकच गोळी बसते हे मी सांगितलं न्हाई."

शरणम्मानं तर कुणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं. म्हणजे संगमेशनं तो कट्टा आधी पाहिला होता. पण कट्टा त्यानंच पोत्यात घातला असता, तर ते पोतं खानावळीत आणून टाकायचा वेडेपणा त्यानं केला नसता. कट्टा त्याला माहीत होता, पोत्यात आहे हे माहीत नव्हतं. या दोन गोष्टींचा मेळ चैत्राला बसेना. आणि घड्याळ पुढं चाललं होतं.

४

गिरणीच्या दारावर खडूनं लिहिलं होतं: पट्टा तुटला, गिरणी बंद.

शैलश्रीनं दार उघडलं. चाळिशीची, काटक बाई. लुगड्याचा काठ घोट्यापर्यंत ओला. तिनं शांतपणे सांगितलं, की मालक सकाळच्या गाडीनं उदगीरला पट्टा आणायला गेलेत, उद्या येतील. काल संध्याकाळी गिरणी रिकामी का फिरत होती, असं विचारल्यावर ती म्हणाली, पट्टा तुटायच्या बेताला होता, मालक मागं हत्यारं शोधायलते. बांधण्याचा हिरवा काठ दाखवल्यावर म्हणाली, असले काठ गावात घरोघरी हाईत.

उत्तरं सगळी नीट होती. चैत्रानं आत नजर टाकली. जात्याच्या तोंडाशी एक पोतं भरून उभं होतं. भिंतीला सायकल टेकलेली. मागच्या गोठ्यात म्हैस सारखी रेकत होती, इतकी की बोलणं ऐकू येईना.

"तहानलीय का?" चैत्रानं विचारलं.

"न्हाई. तिची खोडच हाय ती."

बाईच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. झोप नसलेल्या माणसाचा ताठरपणा तेवढा होता. चैत्राला काहीतरी खटकत होतं, पण नेमकं बोट ठेवता येत नव्हतं. झडती घ्यायला हातात काय होतं? ती परतली. वाटेत तिनं उदगीरला पट्टे विकणाऱ्या दोन दुकानांत फोन लावायला सांगितलं. दोन्हीकडे हुलसूरचा कुणी गुरुबसव आला नव्हता. पण उदगीरला काय दोनच दुकानं?

दीड वाजला. उडालेल्या गोळीला वीस तास होत आले होते.

५

खानावळीत शरणम्मानं तिला बळंच जेवायला बसवलं. चैत्रानं पहिला घास मोडला आणि खाली ठेवला. नागरत्ना परातीपुढं हैराण होऊन बसली होती. जप्त केलेला डबा बाजूला ठेवून शेजारणीकडून आणलेल्या पिठाच्या भाकऱ्या ती करत होती. ती म्हणाली, बरं झालं ते पीठ गेलं. सकाळी हाताला लागलं तेव्हाच कळलं, त्याची भाकरी व्हायचीच नव्हती.

"कामून?" चैत्रानं विचारलं.

"जाडं होतं, बाई. अर्धा दाणा तसाच. ते माणसाचं पीठ न्हवतंच. म्हशीचा भरडा व्हता."

चैत्रा ताटावरून उठली.

जीप सुरू होईपर्यंत ती रेवणसिद्धप्पाशी बोलत होती. खरं तर स्वतःशीच. शरणम्माचं पीठ अजून गिरणीतच आहे. जात्याच्या तोंडाशी भरून उभं असलेलं पोतं तेच. संगमेशनं चुकून दुसरं उचललं, भरड्याचं. ज्या घरचा भरडा गेला, त्या घरची म्हैस आज उपाशी रेकतेय. म्हणजे पोतं गुरुबसवच्याच घरचं. आणि पट्टा तुटलेला नव्हता. चैत्रानं तो सकाळी डोळ्यांनी पाहिला होता, चाकावर धडधाकट चढवलेला. फक्त पाहिलं होतं, ध्यानात घेतलं नव्हतं.

"अन् फरशी," ती म्हणाली. "अण्णा, पिठाच्या गिरणीत पाय ठेवला की ठसा उमटतो. तिथं आज फरशी धुतलेली होती."

रेवणसिद्धप्पाचा हात गिअरवर थांबला. "म्हणजे गोळी गिरणीत उडाली?"

"जातं फिरत असताना. म्हणून कुणाला ऐकू गेली न्हाई. आणि गिरणीवाला कधी जातं रिकामं फिरू देत न्हाई, दगड झिजतात. त्याला बटणापर्यंत जाता आलं न्हाई म्हणून ते फिरत राहिलं."

पुढचं तिला बोलायचं नव्हतं. गुरुबसव उदगीरला गेलेला नाही.

"दवाखान्याची गाडी बोलवा," ती म्हणाली. "आधी गाडी."

६

यावेळी शैलश्रीनं दार अर्धवटच उघडलं. चैत्रानं ढकललं नाही. ती उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "अक्का, पट्टा चाकावर हाय, ते मी बघितलंय. म्हैस भरड्यासाठी रेकायलीय. ते कुठं हाईत एवढं सांगा. बाकी मागून."

शैलश्री दाराला धरून खाली बसली.

गुरुबसव मागच्या खोलीत, रिकाम्या पोत्यांच्या ढिगामागे होता. मांडीला वरच्या बाजूनं लुगड्याच्या हिरव्या काठाचे फेरे आवळलेले, खालचा पाय काळानिळा आणि थंड. तोंडात पंचाचा बोळा होता. सकाळी चैत्रा दाराशी उभी असताना आपल्या कण्हण्याचा आवाज जाऊ नये म्हणून त्यानं तो स्वतःच कोंबला होता. चैत्रानं बोळा काढला तसे त्यानं डोळे उघडले. खाकी कपडे पाहिले आणि तो तापानं जड झालेल्या आवाजात म्हणाला, "कट्टा माझा हाय. मीच घेतला. लिहून घ्या."

चैत्रा त्याच्याजवळ बसली. गाडी यायला दहा मिनिटं होती. त्याला जागं ठेवायचं म्हणून ती बोलत राहिली, आणि म्हणून जे कळलं होतं ते तिनं तिथंच सांगितलं.

"तुम्ही न्हाई घेतला, अण्णा. घरात कुणी वस्तू लपवली तर ज्याच्या हाताखाली ती असते तिथं लपवतो. म्हशीला भरडा कोण घालतं? पोतं कोण बांधतं, स्वतःच्या लुगड्याच्या काठानं? कट्टा तुमचा असता तर तुम्ही तो दाण्यात ठेवला असता न्हाई तर गल्ल्यात. काल तुम्ही भरड्यात हात घातला, पहिल्यांदाच. तुमच्या हाताला तो लागला आणि तुम्ही तिला जाब विचारलात."

गुरुबसवनं डोळे मिटले. बोलली ती शैलश्री, दारातूनच.

हुलसूर तालुका झाल्यापासून रस्त्याकडेच्या जागांना किंमत आली होती. गिरणीची जागा विका म्हणून दोन माणसं उन्हाळ्यापासून येत होती, आणि येत होती ती गुरुबसव बाहेरगावी असताना. एकदा त्यांनी तिचा हात धरला. एकदा म्हशीच्या दाव्याला पेटती काडी लावली. नवऱ्याला सांगितलं तर तो त्यांच्या अंगावर जाईल आणि मार खाईल, हे तिला ठाऊक होतं. संगमेशनं तिचा चेहरा वाचला. एक वस्तू मिळते म्हणाला, नुसती दाखवली तरी पळतील. तिनं कानातली फुलं देऊन ती घेतली. काल नवऱ्याच्या हाती ती लागली. दोघांच्या ओढाओढीत कट्टा उडाला. तिनं तो हाती आला तसा पोत्यात टाकला, गाठ मारली, सांडलेल्या रक्तावर रिकामी पोती टाकली आणि नवऱ्याला मागं ओढत नेलं. परत येऊन बघते तर जातं बंद आणि पोतं नाहीसं.

"मी रातभर पाया पडले," ती म्हणाली. "दवाखान्यात चला म्हनलं. हे ऐकेनात. दवाखान्यातून पोलिसाला खबर जातीय म्हणे. अन् मग तुला दहा वर्षं. मी मेलो तरी चालंल, तू आत जायची न्हाईस."

"दहा वर्षं कुणी सांगितलं?" रेवणसिद्धप्पानं विचारलं.

शैलश्रीनं चैत्राकडे पाहिलं. तिच्या बघण्यात राग नव्हता. "बाजारात, शनिवारी. ह्याच सांगायलत्या."

बाहेर गाडीचा भोंगा ऐकू आला. चैत्रा उठली आणि स्ट्रेचरला वाट करायला पोत्यांचा ढीग बाजूला सारू लागली.

७

गुरुबसव वाचला. बिदरच्या डॉक्टरांनी पाय मांडीपासून काढला. सहा तासांत आणलं असतं तर कदाचित राहिला असता, असं त्यांनी सांगितलं आणि पुढच्या पेशंटकडे गेले. संगमेशच्या टेम्पोच्या सीटखाली आणखी दोन कट्टे निघाले. शैलश्रीला चैत्रानं स्वतः अटक केली, कारण कायदा तोच होता आणि गुन्हा झाला होता. चौथ्या दिवशी तिला जामीन मिळाला.

सोमवारी कलबुर्गीला समितीसमोर तिनं बारा पानं पिशवीतून काढलीच नाहीत. विकणाऱ्यांची शिक्षा वाढवा, जितकी वाढवता येईल तितकी, असं ती म्हणाली. घेणाऱ्यांत गुंडही असतात, त्यांना सोडू नका. पण घेणाऱ्यांत ज्याला कुणी वाली नाही असा माणूसही असतो. कायद्यात लिहा, की जखमीला जो दवाखान्यात नेईल आणि हत्यार आणून देईल, त्याची शिक्षा कमी होईल. नाहीतर माणसं घरात मरतील आणि आपल्याला कळणारही नाही.

अध्यक्षांनी चष्मा काढून विचारलं, की शिक्षा वाढवावी, हो की नाही, एवढंच मत हवं होतं. ठाण्यानं आधी कळवलेलं मत तर हो होतं. मधे काय झालं?

"मधे एका माणसाचा पाय गेला, साहेब," चैत्रा म्हणाली. "कायदा व्हायच्या आधीच मी तो गावाला सांगितला. माझ्या सांगण्यानं गेला."

लघुलेखकानं हात थांबवला. हे नोंदवायचं का, असं त्यानं अध्यक्षांकडे पाहिलं. चैत्रानंच त्याला लिहा म्हणून सांगितलं. मागं बसलेले तिचे वरिष्ठ अधिकारी तिच्याकडे न बघता बाहेर गेले.

दोन आठवड्यांनी ती आरोपपत्राची प्रत घेऊन गिरणीत गेली. दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवता आली असती, पण तिनं पाठवली नाही. गिरणी चालू होती. गुरुबसव बाजेवर बसून बायकोला कुठला दगड किती घट्ट करायचा ते सांगत होता. शैलश्रीनं बटण बंद केलं, हात पदराला पुसले, कागद घेतले, सही केली. मग चहा ठेवू का म्हणाली.

चैत्राला एक गोष्ट विचारायचीच होती. जूनमध्ये तुम्ही ठाण्यात आला होतात ना? नोंदवहीत नाव आहे.

"दोनदा आलते," शैलश्री म्हणाली. "तुम्हीच भेटलात. कुणी हात लावला तर या, म्हनलात. हात लावला तवा यायची हिंमत झाली न्हाई."

चैत्राला ती बाई आठवत नव्हती. कितीही आठवून पाहिलं तरी नाही.

"काल पुन्हा आलते ते दोघं," शैलश्री सहज म्हणाली, चुलीकडे वळता वळता. "आता मालकाला पायबी न्हाई, विकून टाका म्हनले."

चैत्रानं टोपी काढली आणि पिठाच्या फरशीवर मांडी घालून बसली. खिशातून वही काढली.

"नावं सांगा," ती म्हणाली. "अन् अगदी पहिल्या दिवसापासून सांगा. मला कुठं जायचं न्हाई."